सहाव्या वर्षीची दाढ, सियाचीनची चौकी

पहाटे पाचला बुलढाणा, चिखली, मेहकर, देऊळगाव राजा यांपैकी कुठल्याही गावाबाहेरच्या डांबरी रस्त्यावर जाऊन उभे राहा. अंधारातून धपधप पावले वाजत येतात. भरतीची तयारी करणारी पोरे. कुणाच्या पायात बूट, कुणी अनवाणी, एकाच्या मुठीत मोबाइल आणि त्यावर लावलेली वेळ. सोळाशे मीटर किती मिनिटांत झाले, बीमवर किती निघाले, नऊ फुटी खड्डा पार झाला का, छाती फुगवून किती भरली, या आकड्यांत त्यांची दोन-दोन वर्षे जातात. घरी दूध, केळी आणि भिजवलेल्या हरभऱ्यांची वाटी ठरलेली. ती वाटी रोज संपवणाऱ्या पोराने ते हरभरे चावणाऱ्या दाढा मात्र कधी मोजलेल्या नसतात. त्यांचा हिशेब पहिल्यांदा कळतो तो मैदान मारून झाल्यावर, वैद्यकीय तपासणीत डॉक्टर "आ कर" म्हणतात तेव्हा.

बुलढाणा जिल्ह्यातल्या पोरांची नोकरी कुठवर जाते हे इथल्या लोकांना वेगळे सांगायला नको. १४ फेब्रुवारी २०१९ रोजी पुलवाम्यात सीआरपीएफच्या ४० जवानांना वीरमरण आले, त्यांत मलकापूरचे संजय राजपूत आणि लोणार तालुक्यातल्या चोरपांग्र्याचे नितीन राठोड होते. ऑक्टोबर २०२३ मध्ये पिंपळगाव सराईचा अग्निवीर अक्षय गवते सियाचीनमध्ये कर्तव्यावर असताना गेला. काश्मीर, लडाख, बस्तर ही नावे इथल्या घरांत नकाशातली नाहीत, फोनवरची आहेत. त्या फोनवर आई "जेवलास का?" विचारते. "चावता येतंय ना?" असे कुणी विचारत नाही.

तो प्रश्न फालतू नाही. गोळी, हिमदंश, मलेरिया यांच्यापुढे दाढदुखी किरकोळ वाटते. पण दूरच्या चौकीवर एका दाढेने एक माणूस दोन-तीन दिवस निकामी होतो, आणि दहा जणांच्या चौकीत एक माणूस म्हणजे पहाऱ्याचा दहावा हिस्सा. आणखी एक गोष्ट सैन्यातले दंतवैद्य जाणून असतात. जवानाची दाढ चौकीवर दुखते, पण ती तिथे किडलेली नसते. कीड गावात लागलेली असते, कधी कधी पहिलीच्या वर्गात.

चौदा गुणांचा हिशेब

सैन्यभरतीच्या वैद्यकीय नियमांत उमेदवाराला किमान १४ 'डेंटल पॉइंट' लागतात. इथे नुसते दात मोजत नाहीत, जोड्या मोजतात. वरचा दात आणि त्याच्यासमोरचा खालचा दात नीट एकमेकांवर बसत असतील तरच गुण. पटाशीचे दात, सुळा आणि दोन उपदाढा यांच्या प्रत्येक जोडीला एक गुण. पहिल्या आणि दुसऱ्या दाढेच्या जोडीला दोन-दोन. अक्कलदाढ पूर्ण वाढलेली असेल तर दोन, अर्धवट असेल तर एक. एका बाजूचे अकरा, दोन्ही बाजू मिळून २२. शिवाय पुढच्या सहा जोड्यांपैकी किमान चार आणि मागच्या दहांपैकी किमान सहा जोड्या जागेवर हव्यात, त्याही दोन्ही बाजूंना समतोल.

आता एक पोरगा डोळ्यांसमोर आणा. वय अठरा, अक्कलदाढा अजून आलेल्या नाहीत, बाकी सारे जागेवर. त्याचे गुण १८. आठवीत असताना त्याची खालची डावी पहिली दाढ दुखली आणि काढून टाकली. दोन गुण गेले, उरले १६. वरची दाढ शाबूत आहे, पण तिला खाली जोडीदार नाही, म्हणून तिचे मोल शून्य. अकरावीत उजवीकडची तशीच गेली. उरले १४. पोरगा काठावर पास. आता एक उपदाढ जरी गेली, तरी १३. पाच मिनिटांत सोळाशे मीटर पळणारा हा गडी एका उपदाढेपायी घरी परततो.

'दुखली तं काढून टाकू, पीडा जाईन' हा वऱ्हाडातला नेहमीचा तोडगा. तो करताना एक दात जात नाही, जोडी मोडते हे कुणी लक्षात घेत नाही. रिकाम्या जागेकडे शेजारचे दात कलतात, समोरचा दात जोडीदार शोधत लांबत जातो, आणि चावण्याची घडीच बिघडते. तीच दाढ वेळेवर भरून घेतली असती तर जागेवर राहिली असती.

सहा वर्षांचे पोर आणि पहिली दाढ

सगळ्यांत जास्त बळी जातो तो याच दाढेचा, कारण ती गुपचूप येते. मुलाचा पुढचा दात हलतो, पडतो, त्याचे घरभर कौतुक होते. पक्की पहिली दाढ मात्र सहाव्या वर्षाच्या सुमारास शेवटच्या दुधाच्या दाढेमागे उगवते. तिच्यासाठी कुठलाही दात पडत नाही. त्यामुळे आई-वडील तिला दुधाचीच समजतात. तिच्यावर खोल खाचा असतात, त्यांत बिस्किटाचा चिकटा अडकतो, आणि दोन-तीन वर्षांत तिथे काळा ठिपका दिसू लागतो. 'पडणारच आहे' म्हणून सोडून दिले जाते. पण ती पडणारी नसते. ती एकदाच येते आणि जन्मभर पुरायची असते. अठराव्या वर्षी भरतीच्या टेबलावर दोन गुण मिळवून देणारी दाढ हीच.

दात किडतो म्हणजे काय होते? दाताचे पांढरे आवरण, इनॅमल, हा शरीरातला सर्वांत कठीण पदार्थ. वजनाने त्यात सुमारे ९६ टक्के खनिज असते. तोंडातले जंतू साखर खाऊन आम्ल तयार करतात. तोंडाचा सामू साधारण ५.५ च्या खाली उतरला की इनॅमलमधले खनिज विरघळू लागते. लाळ ते आम्ल धुऊन काढते आणि खनिज पुन्हा बसवते, पण त्यासाठी तिला अर्धा-पाऊण तास लागतो. म्हणून साखर किती खाल्ली यापेक्षा किती वेळा खाल्ली हे महत्त्वाचे. जेवणाबरोबर खाल्लेला लाडू एकदा मार देतो. दिवसभर घोट-घोट प्यालेला गोड चहा दिवसभर मार देत राहतो.

पाण्याचाही यात वाटा आहे. शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद या पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यात पाण्याचा खारेपणा जिभेला कळतो. फ्लोराइडचे तसे नाही. त्याला चव नाही, वास नाही. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत ते चालते, दुसरा स्रोत नसेल तर दीडपर्यंत. थोडे असेल तर दाताला बळ देते, जास्त झाले तर दातावर पांढरे, मग तपकिरी डाग उमटतात. हे डाग दात जबड्यात घडत असताना, म्हणजे साधारण आठ वर्षांपर्यंतच्या वयात पडतात आणि घासून जात नाहीत. विदर्भात यवतमाळ, चंद्रपूर या जिल्ह्यांनी हा त्रास मोठ्या प्रमाणावर सोसला आहे. बोअरचे पाणी प्यायचे तर ते तपासून घेणे हाच उपाय. पाणी स्वच्छ दिसते म्हणून ते दाताला चांगले असेलच असे नाही.

काडतूस फाडणारे दात

सैन्य आणि दात यांचे नाते जुने आहे. बंदुकीची दारू कागदी काडतुसात भरलेली असे त्या काळी शिपायाला ते काडतूस दातांनी फाडून दारू नळीत ओतावी लागे. समोरचे चार दात नसलेला माणूस शिपाई म्हणून निरुपयोगी. १८५७ चा भडका ज्या एन्फिल्ड बंदुकीच्या काडतुसांवरून उडाला त्याचेही मूळ इथेच आहे. काडतुसाला गाय-डुकराची चरबी लावली आहे ही बातमी इतकी झोंबली, कारण ते काडतूस तोंडात धरावे लागत होते.

इतके असूनही सैन्यात दंतवैद्य हवा हे सरकारांना फार उशिरा सुचले. १९१४ मध्ये ब्रिटिश सैन्य फ्रान्समध्ये उतरले तेव्हा त्याच्याबरोबर एकही दंतवैद्य नव्हता. एन नदीच्या आघाडीवर ऐन लढाईत जनरल डग्लस हेग यांचीच दाढ ठणकू लागली आणि पॅरिसहून दंतवैद्य बोलवावा लागला, ही गोष्ट दंतवैद्यकाच्या इतिहासात मोठ्या चवीने सांगितली जाते. साध्या शिपायांच्या हजारो दाढांनी जे झाले नाही ते सेनापतीच्या एका दाढेने झाले. लवकरच आघाडीवर दंतवैद्य पाठवले गेले आणि १९२१ मध्ये ब्रिटिश सैन्यात स्वतंत्र दंत विभाग उभा राहिला. भारतीय सैन्याचा दंत विभाग, आजचा आर्मी डेंटल कोर, १ फेब्रुवारी १९४१ रोजी, दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीत स्थापन झाला.

त्या पहिल्या महायुद्धातली एक कहाणी मात्र थेट मराठी शिपायांच्या हिरड्यांची आहे. मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, कूट या गावी जनरल टाउनशेंडची सहावी पुणे डिव्हिजन तुर्कांच्या वेढ्यात सापडली. डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६, जवळजवळ पाच महिने. त्या डिव्हिजनमध्ये १०३ वी, ११० वी आणि ११७ वी या मराठा पलटणी होत्या. भाजीपाला संपला, धान्य तोलून मिळू लागले. गोऱ्या शिपायांनी घोडे मारून खाल्ले. हिंदी शिपायांनी धर्माच्या संकोचापायी ते मांस बरेच दिवस नाकारले. ताज्या मांसातून मिळणारे थोडेबहुत क जीवनसत्त्वही त्यांच्या वाट्याला आले नाही आणि त्यांच्यात स्कर्व्ही पसरला.

स्कर्व्हीत हिरड्या जांभळट होऊन सुजतात, हात लावताच रक्त येते, दात हलू लागतात. कारण क जीवनसत्त्वाशिवाय शरीराला कोलॅजन नावाचा धागा विणता येत नाही, आणि दाताला हाडाशी बांधणारी दोरी त्याच धाग्याची असते. दाती तृण धरणे म्हणजे शरण जाणे असे आपण म्हणतो. कूटच्या त्या शिपायांना अखेर शरण जावे लागले तेव्हा कित्येकांना भाकरीसुद्धा धड चावता येत नव्हती.

त्याच युद्धकाळात लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमध्ये हॅरिएट चिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की कोरड्या कडधान्यात स्कर्व्ही रोखण्याची शक्ती नसते, पण ते भिजवून मोड आणले की ती येते. सैन्यासाठी ही मोठी गोष्ट होती. मटकीचे पोते कितीही लांब नेता येते, भाजीची पाटी नेता येत नाही. आपल्या घराघरांत आठवड्यातून एकदा फडक्यात बांधली जाणारी मटकी अडकलेल्या पलटणीचे दात वाचवू शकते, हे विज्ञानाला तेव्हा कळले.

अठरा हजार फुटांवर

आता आजच्या चौकीवर येऊ. सियाचीनवर भारतीय सैन्य १३ एप्रिल १९८४ पासून, 'ऑपरेशन मेघदूत'पासून, पाय रोवून आहे. चौक्या अठरा-वीस हजार फुटांवर, हिवाळ्यात पारा उणे पन्नासपर्यंत. मे महिन्यात ४५ अंशांत होरपळणाऱ्या मलकापूर-खामगावचा पोरगा तिथे पोहोचतो तेव्हा त्याच्या तोंडात काय काय घडते?

पहिली गोष्ट, तोंड कोरडे पडते. विरळ हवेत धाप लागते, माणूस तोंडाने श्वास घेतो, आणि ती हवा कमालीची कोरडी असते. पाणी बर्फ वितळवून मिळवायचे, त्यामुळे मोजून प्यायले जाते. सपाटीवर रोज अर्धा ते दीड लिटर लाळ तोंड धुऊन काढत असते. ती आटली की आम्ल धुणारे कुणी उरत नाही.

दुसरी गोष्ट, खाणे. त्या उंचीवर भूक मरते. भाकरी-भाजीची इच्छा होत नाही, म्हणून ताकदीसाठी चॉकलेट, आटवलेले गोड दूध, सुका मेवा असे थोडे-थोडे, पुन्हा पुन्हा खाल्ले जाते. हे खाणे आवश्यकच आहे, त्यावर जीव तगतो. पण दातांच्या बाजूने पाहिले तर ते चिकट, गोड आणि दिवसभर चालणारे. म्हैसूरची संरक्षण अन्न संशोधन प्रयोगशाळा १९६१ पासून जवानांसाठी टिकाऊ, हलके, तयार अन्न बनवत आली आहे. ते खाऊन चूळ भरण्याची सवय मात्र कुठल्याही पाकिटात भरून देता येत नाही.

तिसरी गोष्ट, थंडी. इनॅमलखालच्या थरात, डेंटिनमध्ये, हजारो सूक्ष्म नळ्या असतात आणि त्यांत द्रव असतो. हिरडी खाली सरकली असेल किंवा इनॅमल झिजले असेल तर या नळ्या उघड्या पडतात. थंड हवा लागताच आतला द्रव हलतो आणि शीर झणझणते. गावात आइसक्रीम खाताना कळ येते तीच ही, फक्त इथे प्रत्येक श्वास आइसक्रीमसारखा. त्यात टूथपेस्टची नळी गोठून दगड होते, घासायला पाणी गरम करावे लागते, हातमोजा काढायचा म्हणजे बोटांची परीक्षा. दात घासणे आधी एक वेळेवर येते, मग राहूनच जाते.

चौथी गोष्ट, हवेचा दाब. अठरा हजार फुटांवर तो समुद्रसपाटीच्या साधारण निम्मा होतो. दाब निम्मा झाला की कोंडलेली हवा जवळजवळ दुप्पट जागा मागते. नीट न बसलेल्या सिमेंटखाली किंवा सुजलेल्या मुळाशी हवेला जागाच नसते, म्हणून ती शिरेवर रेटा देते. हेलिकॉप्टरने झटक्यात वर गेल्यावर ही कळ अचानक उठते. दुसऱ्या महायुद्धात विमानदळातल्या लोकांना हा त्रास मोठ्या संख्येने होऊ लागला तेव्हा वैद्यांनी त्याचा पाठपुरावा केला. लक्षात घेण्यासारखे हे, की धडधाकट दाताला उंचीवर काही होत नाही. उंची फक्त लपलेली कीड उघडी पाडते.

आणि पाचवी, अक्कलदाढ. ती साधारण सतरा ते पंचविसाच्या वयात येते. अग्निवीर भरती होतो विशीच्या आसपास आणि चार वर्षे सेवा करतो. म्हणजे अक्कलदाढ आणि बंदूक दोन्ही एकाच वयात येतात. जबड्यात जागा नसली की ती अर्धवट वर येऊन अडते. तिच्यावर हिरडीची एक झाकणी राहते, त्या झाकणीखाली अन्न शिरते, कुजते, सूज येते, तोंड उघडेनासे होते, गिळताना कानापर्यंत कळ जाते. जगभरच्या सैन्यांत तैनातीवरच्या दातांच्या तातडीच्या दुखण्यांत खोल कीड, निखळलेले सिमेंट, तुटलेला दात आणि ही अक्कलदाढ हेच चौघे पुन्हा पुन्हा आढळतात.

यातले बहुतेक दुखणे जिवावरचे नसते. पण खालच्या दाढेचा पू कधी जबड्याखाली, मानेत उतरतो. जिभेखाली सूज येते आणि श्वासनलिका दाबली जाते. रुग्णालय शेजारी असेल तरीही ही धावपळीची वेळ असते. चौकीवर तर चीता हेलिकॉप्टर यायला आधी आभाळ मोकळे व्हावे लागते. म्हणूनच अनेक देशांच्या सैन्यांत जवानाच्या दातांची प्रतवारी ठेवतात. पुढच्या बारा महिन्यांत ज्याचे दात दगा देतील असे दिसते, त्याला आधी उपचार आणि मग तैनाती.

पुडीतला शत्रू

आतापर्यंतची दुखणी थंडीने, उंचीने दिली. एक मात्र जवान खिशात घालून नेतो. २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातले २४.४ टक्के प्रौढ धूरविरहित तंबाखू खाणारे निघाले, म्हणजे चौघांत एक. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, पण सुपारी आणि तंबाखू वेगवेगळ्या पुड्यांत मिळतात आणि हातावर एकत्र येतात. गावात पोरगा ही सवय 'टाइमपास' म्हणून उचलतो. पहाऱ्यावर तिला कारण मिळते. झोप येऊ नये म्हणून, भूक मारावी म्हणून. जंगलात रात्री बिडीचा निखारा लांबून दिसतो. चिमूट दिसत नाही, म्हणून ती सोयीची वाटते.

तंबाखूने हिरड्यांचा रक्तपुरवठा आखडतो. त्यामुळे हिरडी आतून सडत असताना रक्त कमी येते आणि माणसाला सगळे ठीक वाटते. सुपारीचे नुकसान वेगळे. तिच्याने गालाच्या आतले मऊ अस्तर दोरखंडासारखे ताठर होत जाते. आधी तिखट सोसत नाही, मग तोंड उघडेनासे होते. घरच्या घरी परीक्षा सोपी आहे. आपली तर्जनी, मधले बोट आणि अनामिका एकत्र धरून उभी वरच्या-खालच्या दातांमध्ये घालून पाहा. तिन्ही गेली तर बरे. दोनच जात असतील तर दंतवैद्याकडे जायला आजचा दिवसही उशीरच. भरतीच्या नियमांत तोंड ३० मिलिमीटरपेक्षा कमी उघडत असेल तर उमेदवार अपात्र ठरतो. हे दुखणे नोकरी घेते, आणि पुढे त्याच जागी कर्करोगही होऊ शकतो. मिश्रीने दात घासणाऱ्या आयाबहिणींनाही हे लागू आहे. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच.

सुट्टीचा पहिला आठवडा

सैन्यात दंतवैद्य नाहीत असे नाही. मोठ्या छावण्यांत लष्करी दंत केंद्रे आहेत आणि जवानाला तिथे उपचार मोफत मिळतात. निवृत्तांसाठी २००३ पासून ईसीएचएस या आरोग्य योजनेची सोय आहे. अडचण अंतराची आहे, आणि त्याहून जास्त सुट्टीची. नियमित जवानाला वर्षाला साठ दिवसांची रजा आणि वर नैमित्तिक रजा, अग्निवीराला वर्षाला तीस दिवस. त्यात प्रवास, बहिणीचे लग्न, सोयाबीनची सोंगणी, घराचे राहिलेले प्लास्टर. दाढ आठवते ती परतीच्या गाडीच्या आदल्या दिवशी. मग दंतवैद्य रूट कॅनॉल सुरू करून वर कच्चे सिमेंट भरून देतो. पूर्ण उपचाराला बहुधा दोन-तीन खेपा आणि शेवटी टोपी लागते. ते कच्चे सिमेंट पंधरा दिवसांनी चौकीवर शंकरपाळ्याबरोबर निघून येते आणि दाढ आधीपेक्षा जोरात ठणकते.

म्हणून सुट्टीवर आलेल्या पोराला पहिल्याच आठवड्यात दंतवैद्याकडे पाठवा. कीड भरायची असो की अडकलेली अक्कलदाढ काढायची, जखम भरायला आणि दुसरी खेप व्हायला दिवस उरतात. एक्स-रे आणि केलेल्या कामाचा कागद सोबत द्या. पुढच्या डॉक्टरला त्याचा उपयोग होतो.

चौकीवरच्या गड्यासाठी चार गोष्टी. खाऊन झाल्यावर घोटभर कोमट पाण्याने चूळ भरायची. रात्री एकदा तरी फ्लोराइडच्या पेस्टने घासायचे. नळी आतल्या कपड्यांच्या खिशात ठेवली की शरीराच्या उबेने मऊ राहते. रात्रीचे घासणे सकाळच्यापेक्षा मोलाचे, कारण झोपेत लाळ आणखी आटते. दाढ ठणकली तर लवंगेच्या तेलाचा कापूस किडलेल्या खळग्यात ठेवता येतो, त्यातल्या युजेनॉलने शीर काही वेळ बधिर होते. वेदनेची गोळी मात्र गिळायची, हिरडीवर ठेवायची नाही. तिने हिरडी भाजते. पडझडीत पक्का दात मुळासकट निखळला तर तो वरच्या पांढऱ्या भागाला धरून उचलावा, मूळ घासू नये, दुधात किंवा स्वतःच्या लाळेत ठेवावा. तासाभरात दंतवैद्य भेटला तर तो पुन्हा रुजू शकतो. आणि ताप, मानेला सूज किंवा गिळायला त्रास असेल तर कुढत न बसता लगेच वर कळवायचे. दात-ओठ खाऊन सोसण्यात मर्दुमकी नाही, त्यात साथीदाराच्या पहाऱ्याची वेळ दुप्पट होते.

हे सारे खरे, तरी ही लढाई खालच्या उंचीवरच, बुलढाण्याच्या दोन हजार फुटांवर आणि पूर्णेच्या काठावर जिंकायची आहे. आज संध्याकाळी घरातल्या सात-आठ वर्षांच्या पोराला उजेडात बसवा आणि मोबाइलची टॉर्च लावून तोंड उघडायला सांगा. समोरच्या मधल्या फटीपासून मागे मोजत जा. सहाव्या वर्षी येणारा तो सहावा दात. चारही बाजूंना एकेक. त्यावर काळा ठिपका दिसला तर येत्या सोमवारी ग्रामीण रुग्णालयात नाहीतर जवळच्या दंतवैद्याकडे जा आणि एकच गोष्ट ठामपणे सांगा: काढू नका, भरून द्या.